बातमी डिलीट केली, पण लिंक फिरतेच आहे : ‘पेज सापडत नाही’ आले तर काय करायचे?

जोयडा : अणशी घाटात दरड कोसळली, कारवार–जोयडा वाहतूक बंद, अशी बातमी पावसाळ्यात एखाद्या स्थानिक पोर्टलवर पडते. अर्ध्या तासात ती व्हॉट्सअ‍ॅपवरून मडगाव, फोंडा, बेळगाव, पुण्यापर्यंत पोचते. दोन दिवसांनी रस्ता मोकळा होतो. पोर्टल चालवणारा विचार करतो, जुनी बातमी ठेवून लोकांचा गोंधळ कशाला? आणि तो पोस्ट डिलीट करतो. त्याच्यापुरता विषय संपतो.

वाचकाचा विषय मात्र तिथून सुरू होतो. गोव्यात कामाला असलेला जोयड्याचा माणूस शनिवारी गावी निघायच्या आधी तीच लिंक उघडतो आणि समोर येते, ‘४०४ – पेज नॉट फाउंड’. रस्ता सुरू झाला की नाही, बातमी खोटी होती की जुनी झाली, कारवारवरून जायचे की अनमोड–रामनगरवरून फिरून जायचे, यातले काहीच कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये मात्र दरडीचा फोटो आणि ‘वाहतूक बंद’ हा मथळा जसाच्या तसा दिसत असतो.

असे का होते, ते आधी बघायला हवे. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की खाली जो छोटा फोटो आणि मथळा दिसतो, तो पाठवणाऱ्याच्या फोनने त्याच क्षणी बनवून मेसेजला चिकटवलेला असतो. नंतर वेबसाइटवरची बातमी काढली तरी आधीच गेलेल्या मेसेजमधला मथळा पुसला जात नाही. म्हणजे पोस्ट डिलीट केल्याने बातमी मागे घेतली जात नाही, फक्त बातमीच्या आतला मजकूर जातो. शीर्षक गावभर फिरत राहते आणि त्याचा खुलासा वाचायची जी एकच जागा होती, ती बंद होते.

जुनी झालेली किंवा चुकलेली बातमी ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यापर्यंत पोचायचा पोर्टलकडे दुसरा मार्ग नसतो. नवी बातमी नव्या लिंकवर टाकली तर ती नव्या वाचकांना दिसेल. जुनी लिंक ज्यांच्याकडे आहे, ते जुनीच उघडणार. म्हणून खुलासा जायला हवा तो जुन्याच पत्त्यावर.

४०४ म्हणजे नेटवर्क गेले असे नव्हे

जोयडा तालुक्यात हा घोटाळा हमखास होतो. जंगलातल्या अनेक गावांत मोबाइलला रेंज मिळवायला उंचवट्यावर जावे लागते. तिथे उभे राहून लिंक उघडली, पान आले नाही, की माणूस म्हणतो, ‘नेटवर्क नाही बघा.’ पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. रेंज नसेल तर ब्राउझर ‘साइटपर्यंत पोचता आले नाही’, ‘तुम्ही ऑफलाइन आहात’ असे काहीतरी सांगतो. ४०४ हा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ नेटवर्क चालू आहे, निरोप वेबसाइटच्या सर्व्हरपर्यंत गेला, आणि तिथून उत्तर आले की ‘या पत्त्यावर माझ्याकडे काही नाही’. अशा वेळी दहादा रिफ्रेश करून डेटा आणि बॅटरी घालवण्यात अर्थ नसतो.

हा आकडा इंटरनेटच्या जुन्या नियमांतला आहे. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याचे नियम एचटीटीपी नावाने ओळखले जातात. सर्व्हर दर मागणीला तीन आकडी उत्तर देतो. सगळे ठीक असेल तर २००. चूक मागणाऱ्याच्या बाजूला असेल, म्हणजे पत्ता चुकला वगैरे, तर ४ ने सुरू होणारा आकडा. सर्व्हरच बिघडला असेल तर ५ ने सुरू होणारा.

४०४ ची खरी अडचण अशी की तो काहीच ठरवून सांगत नाही. पत्ता टाइप करताना चुकला, बातमी दुसरीकडे हलवली, की कायमची काढली, तिन्हीला तेच उत्तर.

सुप्याचे काय झाले?

पत्ता हलवणे आणि पत्ता पुसणे यातला फरक या तालुक्याला वेगळा समजावून सांगायला नको. तालुक्याचे ठिकाण पूर्वी सुपा होते. काळी नदीवर गणेशगुडीजवळ धरण झाले, जुने सुपे पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. विस्थापितांचे पुनर्वसन रामनगरला झाले. गाव गेले तरी नाव काही गेले नाही. २०११ च्या जनगणनेतसुद्धा तालुक्याची नोंद ‘सुपा’ या नावाने आहे. त्या आकड्यांत कुणी ‘जोयडा तालुका’ शोधत बसला तर हाती काही लागणार नाही. ‘सुपा म्हणजेच आताचे जोयडा’ हे सांगणारे कुणीतरी भेटले, तर अर्ध्या मिनिटात काम होते.

वेबसाइटच्या भाषेत हे ‘सुपा म्हणजेच जोयडा’ सांगणे म्हणजे रिडायरेक्ट, आकडा ३०१. जुना पत्ता उघडला की सर्व्हर वाचकाला न बोलता नव्या पत्त्यावर नेऊन सोडतो. हलवाहलव तात्पुरती असेल तर ३०२. पान कायमचे आणि मुद्दाम काढले असेल तर ४१०, म्हणजे ‘होते, पण आता नाही’. न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाने काढले असेल तर त्यासाठीही ४५१ असा वेगळा आकडा आहे. रे ब्रॅडबरी यांच्या पुस्तके जाळणाऱ्या राजवटीवरच्या ‘फॅरेनहाइट ४५१’ या कादंबरीवरून तो घेतला आणि २०१६ च्या सुरुवातीला तो अधिकृत नियमांत आला. आपल्याकडच्या छोट्या पोर्टलवर तो सहसा बघायला मिळत नाही. आदेशाने काढलेली बातमीसुद्धा साध्या ४०४ मागे लपते.

नावे बदलण्याचा अनुभव सीमाभागात सुप्यापुरता नाही. २००७ चा दांडेली–अणशी व्याघ्र प्रकल्प २०१५ मध्ये काळी व्याघ्र प्रकल्प झाला. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारच्या कागदोपत्री बेळगावचे बेळगावी झाले. अशा वेळी वेबसाइट चालवणारे उत्साहाने विभागांची नावे बदलतात, विभागाचे नाव बातमीच्या पत्त्यातच असेल तर शेकडो जुन्या लिंक एका रात्रीत तुटतात. एकही बातमी डिलीट न करता.

डिलीट करायची वेळ येते ती तीन कारणांनी

पहिले कारण, बातमी जुनी झाली. रस्ता बंद, शाळांना सुट्टी, धरणातून पाणी सोडणार असल्याचा इशारा, अर्जाची शेवटची तारीख. यातला धरणाचा इशारा सर्वांत नाजूक. काळी नदीच्या खालच्या भागात, कद्रा धरणाच्या पुढे, नदीकाठच्या गावांनी जुलै २०२१ चा पूर बघितला आहे. तिथे ‘दरवाजे उघडणार’ हा मेसेज आला की लोक सामान उचलायला लागतात. मागच्या वर्षीचा इशारा या वर्षी पुन्हा फिरू लागला आणि खात्री करायला लिंक उघडली तर ४०४ आले, तर माणसाने काय समजायचे? काही म्हणतील खोटी बातमी, काही म्हणतील दाबली. दोन्ही धोक्याचे आहे, कारण उद्या खरा इशारा आला तर तोही असाच वाचला जाईल.

इथे पोस्ट काढूच नये. त्याच पत्त्यावर, मजकुराच्या अगदी वर, मोठ्या अक्षरांत दोन ओळी पुरतात : ‘हा इशारा अमुक तारखेचा आहे. त्याची मुदत संपली आहे. ताजी माहिती इथे पाहा.’ तारीख आकड्यात, वर्षासकट. ‘काल’, ‘आज सकाळी’, ‘सोमवारी’ हे शब्द छापील पेपरात चालतात, कारण त्या पेपरच्या डोक्यावर तारीख असते. फॉरवर्ड झालेल्या लिंकला डोके नसते.

७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवार आणि सदाशिवगड यांच्यामधला काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. गोव्याकडे जाणारी वाहतूक हा लगेच सगळ्यांच्या चिंतेचा विषय झाला. अशा घटनेत तासातासाला चित्र बदलते. तासाला एक नवी पोस्ट आणि जुन्या डिलीट, असे केले की मागे नुसत्या मेलेल्या लिंकांचा ढीग राहतो. एकच पोस्ट उघडी ठेवून तिच्यात वेळ टाकून भर घालत गेले, तर सकाळी सात वाजता लिंक मिळालेल्या माणसालासुद्धा संध्याकाळी ताजी माहिती मिळते.

दुसरे कारण, बातमी चुकीची होती. डिलीट करून गप्प बसायचा मोह सर्वांत जास्त इथेच होतो, आणि नुकसानही इथेच जास्त होते. ज्याच्याविषयी चुकीचे छापले गेले, त्याची बदनामी स्क्रीनशॉटमध्ये आणि मेसेजच्या मथळ्यात फिरतच राहते. त्याने ‘ही बातमी चूक होती’ असे दाखवायचे म्हटले, तर पुरावा म्हणून त्याच्याकडे फक्त एक कोरे ४०४ चे पान. त्याच जागी ‘या बातमीतील अमुक माहिती चुकीची होती, ती अमुक तारखेला मागे घेतली आहे’ अशी टीप असेल, तर तो माणूस तीच लिंक अभिमानाने पुढे पाठवू शकतो. चुकीचा मजकूर ठेवायची गरज नाही, तो खुशाल काढावा. पत्ता आणि टीप ठेवावी. मथळाही बदलावा, म्हणजे यापुढे जो कुणी ती लिंक नव्याने पाठवेल त्याच्या मेसेजला नवा मथळा लागतो. (फेसबुकवर जुना मथळा बरेच दिवस साठून राहतो. त्यांच्या ‘शेअरिंग डीबगर’ या साधनात पत्ता टाकून तो ताजा करून घेता येतो.)

तिसरे कारण, कुणाची तरी तक्रार. लहान गावात हे वारंवार होते. दहा वर्षांपूर्वीच्या किरकोळ गुन्ह्याच्या बातमीत नाव आले, पुढे माणूस निर्दोष सुटला, पण लग्न जमवताना किंवा नोकरीला लागताना कुणीतरी नाव शोधते आणि तीच बातमी वर येते. इथे तक्रारदाराचे म्हणणे ऐकायला हवे, पण त्यासाठी अख्खी बातमीच गेली पाहिजे असे नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये एका प्रकरणात मधला रस्ता काढला होता. एका वडिलांनी मुलीचे नाव जुन्या निकालातून हटवण्याची मागणी केली होती. इंटरनेटवर शोधताना तिचे नाव दिसू नये याची काळजी घ्या, असे न्यायालयाने आपल्याच कार्यालयाला सांगितले. निकालाच्या प्रमाणित प्रतीत मात्र नाव तसेच ठेवले. पोर्टललाही हे जमते. नाव काढून ‘एक स्थानिक रहिवासी’ असे लिहिता येते, निर्दोष सुटल्याची ओळ जोडता येते, किंवा पान ठेवून गुगलला ते न दाखवण्याची खूण म्हणजे ‘नोइंडेक्स’ लावता येते. अत्याचारपीडितेची किंवा अल्पवयीन मुलाची ओळख उघड झाली असेल तर चर्चाच नको, मजकूर आणि फोटो त्याच क्षणी काढायचे. मग ४१० लावावे.

मराठी मथळा, मराठी पत्ता

मराठी पोर्टलांना एक अडचण अशी आहे जी इंग्रजीवाल्यांना ठाऊकच नाही. बहुतेक पोर्टल वर्डप्रेसवर चालतात. तिथे मथळ्यावरून पत्ता आपोआप बनतो. देवनागरी चिन्ह पत्त्यात जाते तेव्हा त्याचे टक्केचिन्ह, रोमन अक्षरे आणि आकडे यांच्या माळेत रूपांतर होते. एका चिन्हाला नऊ जागा लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हेही वेगळे चिन्ह धरले जाते. नुसते ‘जोयडा’ लिहायला ४५ जागा. वर्डप्रेस या भागाला २०० जागा देते. ‘जोयडा तालुक्यातील शाळांना सुट्टी’ हा मथळा घेतला तर ‘शाळांना’ पुरता लिहून व्हायच्या आत जागा संपते, ‘सुट्टी’ पत्त्यात येतच नाही. दुसऱ्या दिवशी ‘जोयडा तालुक्यातील शाळांना उद्याही सुट्टी’ अशी बातमी टाकली, तर पत्ता तोच बनतो, फक्त शेवटी २ हा आकडा लागतो. मग त्यातली कुठली डिलीट केली, कुठली राहिली, हे पोर्टलवाल्यालाच उमगत नाही. त्यात ती लांबलचक माळ कॉपी करताना शेवटचा तुकडा सुटला की पुन्हा ४०४, बातमी जागेवर असूनही.

ब्लॉगरवर उलट गंमत. मथळा संपूर्ण देवनागरीत असेल तर ते त्यातले काहीच घेत नाही, आणि पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा होतो. लिंक बघून बातमी कसली ते ओळखणे अशक्य.

उपाय साधा आहे. बातमी प्रसिद्ध करायच्या आधी पत्त्याच्या रकान्यात रोमन लिपीत चार-पाच शब्द हाताने लिहायचे : गावाचे नाव, विषय, वर्ष. स्पेलिंग एकच ठरवायचे. इंग्रजीत जोयडा दोन-तीन प्रकारे लिहिले जाते, आणि आज एक, उद्या दुसरे असे झाले की शोधणाऱ्याची पंचाईत. पत्ता एकदा बाहेर गेला की मग तो बदलू नये. वर्डप्रेस अशा बदललेल्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर पुष्कळदा स्वतःच नेते, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

डिलीटचे बटन दाबून झाले असेल तर

घाबरायचे कारण नाही. वर्डप्रेसमध्ये काढलेली पोस्ट आधी ‘ट्रॅश’मध्ये जाते आणि साधारणपणे ३० दिवस तिथे असते. तिथून परत आणली की जुना पत्ताही सहसा परत मिळतो. तीच बातमी नव्याने टाइप करून टाकू नये, तिला दुसरा पत्ता मिळेल.

तीस दिवस उलटले असतील तर रिडायरेक्ट. वर्डप्रेससाठी ‘रिडायरेक्शन’ नावाचे मोफत प्लगइन आहे. डाव्या रकान्यात जुना पत्ता, उजव्या रकान्यात नवा. कोणत्या मेलेल्या लिंकवर किती लोक येऊन गेले, याची नोंदही ते ठेवते. ती यादी आठवड्यातून एकदा चाळली तरी कळते की लोक अजून काय शोधत आहेत. ब्लॉगरमध्ये हीच सोय सेटिंग्जमध्ये ‘एरर्स अँड रिडायरेक्ट्स’ या भागात असते. ४०४ च्या पानावर काय लिहायचे तेही तिथेच ठरवता येते. ‘पेज नॉट फाउंड’ या तीन इंग्रजी शब्दांऐवजी मराठीत ‘ही बातमी हलवली किंवा काढली आहे, मथळ्यातील शब्द इथे टाकून शोधा’ एवढे लिहून खाली शोधाचा रकाना दिला, तर अर्धे वाचक तरी परत फिरणार नाहीत.

एक सल्ला सर्रास दिला जातो तो मात्र ऐकू नये : ‘सगळ्या ४०४ लिंका होमपेजवर वळवा.’ दरडीची बातमी उघडायला गेलेल्या माणसापुढे क्रिकेटची बातमी आली तर तो आणखी चक्रावतो. गुगलसुद्धा अशा वळवण्याला ‘सॉफ्ट ४०४’ धरते, म्हणजे पान नाहीच असे समजते. रिडायरेक्ट त्याच विषयाच्या पानावर करायचा, असे पान नसेल तर सरळ ४०४ किंवा ४१० राहू द्यावे. ४०४ वाढले की गुगल सगळी वेबसाइट खाली ढकलते, ही भीतीही खरी नाही. नसलेले पान नाही म्हणणे हे गुगलच्या लेखी नेहमीचेच आहे. हळूहळू ते यादीतून गळते.

घाई असेल, म्हणजे कुणाचे नाव तातडीने शोधातून जायला हवे असेल, तर ‘सर्च कन्सोल’मध्ये ‘रिमूव्हल्स’ची सोय आहे. पण ती साधारण सहा महिन्यांपुरतीच लपवते, मूळ पान त्याआधी काढावे लागते. पोर्टलने मजकूर काढला आणि गुगलमध्ये जुन्या ओळी अजून दिसतात, असे असेल तर वेबसाइटचा मालक नसलेली व्यक्तीही गुगलच्या ‘आउटडेटेड कंटेंट’ पानावर तसे कळवू शकते. त्याला गुगल खाते पुरते.

वाचकाने काय करावे?

लिंकच्या शेवटी काही जास्तीचे चिकटले आहे का ते आधी पाहावे. पूर्णविराम, कंस, पुढच्या वाक्याचा शब्द. तो पुसून पुन्हा उघडावे. नाहीतर मेसेजमधला मथळा उचलून पोर्टलच्या नावासकट गुगलवर टाकावा. तेही नाही जमले तर ‘इंटरनेट आर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये ती लिंक चिकटवावी. ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती जमवते आहे, आणि २००१ पासून त्या कुणालाही फुकट बघता येतात. छोट्या मराठी पोर्टलची प्रत्येक बातमी तिथे असेलच असे नाही. पण कुणीही ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये पत्ता टाकून प्रत करून ठेवू शकतो. वनहक्काचा दावा, रस्त्याची मागणी, शाळा बंद पडल्याची तक्रार, अशा कामासाठी बातमीचा आधार लागणार असेल तर ती बातमी दिसली त्याच दिवशी प्रत करावी आणि शिवाय तारखेसह छापून कागदांत लावावी. जोयड्याच्या खेड्यातली बातमी बऱ्याचदा एकाच पोर्टलवर असते. ती गेली की दुसरीकडे सापडत नाही.

हे दुखणे जगभरचे आहे. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. बातम्यांच्या पानांपैकी २३ टक्के पानांत किमान एक तरी मेलेली लिंक होती. त्याउलट मुंबई सरकारने १८८३ मध्ये छापलेल्या कानडा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात सुप्याचे पान आजही आहे तिथेच आहे, गाव पाण्याखाली गेले तरी.

एकेक पोस्ट जाण्यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. पोर्टल बंद पडते, डोमेनचे वर्षाचे पैसे भरायचे राहतात, काही आठवड्यांची सवलत संपते आणि ते नाव कुणीही विकत घेऊ शकतो. मग जुन्या लिंकवर ४०४ सुद्धा येत नाही. गावच्या जत्रेची बातमी उघडायला जावे तर सट्ट्याची किंवा रमीची जाहिरात समोर येते, आणि पत्त्यात नाव मात्र आपल्याच पोर्टलचे. पोर्टल थांबवायचे ठरले तरी डोमेन आणखी दोन-तीन वर्षे भरत राहावे, मधल्या काळात महत्त्वाच्या बातम्यांच्या प्रती आर्काइव्हमध्ये चढवाव्यात, आणि वर्डप्रेसच्या ‘एक्स्पोर्ट’मधून सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घ्यावा. त्या फाइलमध्ये फोटो येत नाहीत, ते वेगळे उतरवावे लागतात.